फोटो नको, साधा मजकूर

टुक्क.

दुपारी आमचं घर अगदी गप्प असतं. घरातल्या आजी, लताबाई, आतल्या खोलीत कुशीवर वळलेल्या असतात, नळाचं पाणी येऊन गेलेलं असतं, फ्रिजसुद्धा मधूनच दम घेत उभा राहतो. अशा वेळी चार्जरची पिन माझ्या कुशीत बसते आणि तेवढाच एक आवाज होतो. मग माझ्या पोटातला पंखा कुरकुरत फिरू लागतो आणि मला जाग येते.

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे. माझी डावी बिजागरी तुटलेली आहे, तिला रबरबँड गुंडाळला आहे. बटणांवरची अक्षरं पुसून गेली आहेत. पण माझ्या मालकिणीला त्या अक्षरांची गरज पडत नाही. का पडत नाही, तेच तुम्हाला सांगायचं आहे. भाविका शाळेतून येईपर्यंत आपल्याला वेळ आहे. ती आली की मग ना मी माझा राहतो, ना तिची मम्मी तिची स्वतःची.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. जन्म कुणाला आठवतो? आठवतं ते थर्माकोलचं खोकं उघडल्यावर अंगावर आलेलं जळगावचं ऊन. रुपचंदमामांनी मला त्यांच्या छापखान्यात आणलं होतं. नवीपेठेच्या मागच्या गल्लीत एका गाळ्यात तो छापखाना होता. केळीच्या खोक्यांची लेबलं, दुकानांची बिलबुकं, आणि लग्नसराईत पत्रिका, पत्रिका आणि पत्रिका.

पत्रिका करणं सोपं काम नव्हतं बरं का. आमच्याकडे पत्रिकेत एक मामा राहून गेला तर तो लग्नाला येतो, पण जेवत नाही. लोक नावांचे कागदच्या कागद घेऊन यायचे. मामा चष्मा कपाळावर चढवून म्हणायचे, "अहो भाऊ, ही पत्रिका आहे की मतदारयादी?" भाऊही काही कमी नसायचे. ते म्हणायचे, "मामा, तुम्ही छापा तं खरं. मतं आम्हाले मिळो नं मिळो, अहेर तं मिळतीन!"

ते माझे कौतुकाचे दिवस होते. माझ्या पडद्यावर अक्षर उमटलं की लोक पुढे वाकून म्हणायचे, "वा! मोत्यासारखं दिसतंय."

त्या अक्षरांचं एक गुपित होतं, ते आत्ताच सांगून ठेवतो. छापखान्यातल्या त्या जुन्या फॉन्टमध्ये अक्षर दिसायचं मराठी, पण आतून ते मराठी नसायचं. बोटाने इंग्रजी डी दाबायचा, पडद्यावर 'क' उमटायचा, आणि माझ्या पोटात मात्र 'डी'च राहायचा. वरचा 'क' म्हणजे त्या 'डी'ने अंगात घातलेला सदरा. मामांना सदराच हवा होता. कागदावर नीट छापून आलं की काम झालं. खानदेशातले कितीतरी छापखाने, कोर्टाबाहेरचे टायपिंगवाले, सगळे त्याच रीतीने काम करायचे. त्यात कुणाला वावगं वाटत नव्हतं. मला तरी का वाटावं? मला तेव्हा बोलता कुठे येत होतं?

मामांची भाची हेमांगी मुक्ताईनगरकडच्या एका खेड्यातली. बापाची केळीची बाग, आणि हिला मात्र पुस्तकांचा नाद. सुट्टीत ती छापखान्यात यायची आणि पत्रिकांमधल्या चुका काढायची. कागद अगदी नाकाशी धरायची. संध्याकाळ व्हायला लागली की भिंतीला हात लावत घरी जायची. सगळे हसायचे, "हेमे, अंधारात तुझ्यापेक्षा मांजर बरी." तीही हसायची.

एम.ए. होऊन तिला धुळ्याच्या एका कॉलेजात मराठीचे तास मिळाले, तेव्हा मामांनी मला पुसून, पिशवीत घालून तिच्या हातात दिलं.

"घे वं हेमांगी. माह्यापाशी आता नवीन मशीन आलं. तुह्या पोरांचे पेपर याच्यावर काढ."

"चालतो ना मामा हा?"

"चालतो म्हणजे? तुह्या मामीच्या तोंडासारखा चालतो. बंद पाडावा लागतो."

"मले ऐकू येते बरं!" आतून मामी ओरडल्या.

असा मी धुळ्याला आलो. त्याच वर्षी हेमांगीचं लग्न जितेंद्रशी झालं. देवपुरात घर, दारात सासू लताबाई, आणि पुढे दोन वर्षांत भाविका. जितेंद्र दुधाचा टँकर चालवतो. पहाटे निघतो तो कधी शिरपूर, कधी पार इंदूरच्या वाटेला.

भाविकाच्या जन्मानंतर हेमांगीचं दिसणं आकसत गेलं. पहिल्यांदा बाजूचं दिसेनासं झालं. उंबऱ्याला पाय, दाराच्या कडेला कपाळ. माझ्या पडद्यावरची अक्षरं ती मोठी करत गेली, इतकी मोठी की एका ओळीत एक शब्द जेमतेम मावायचा. बाळाला मांडीवर घेऊन ती नाक माझ्या काचेला टेकवायची आणि तिच्या श्वासाची वाफ माझ्यावर धरायची. वाफ पुसताना पदराचं टोक फिरायचं. मला ते आवडायचं. आता सांगताना मात्र वाईट वाटतं.

नाशिकच्या डॉक्टरांनी सांगितलं की डोळ्यांचा पडदा सुकत चालला आहे, जन्माचंच दुखणं आहे, औषध नाही. घरी आल्यावर ती बराच वेळ माझ्यासमोर बसून होती. मी उघडाही नव्हतो.

मग एक दिवस मामांच्या ओळखीचा हितेंद्र आला. जळगावच्या एका संस्थेत तो दृष्टिहीनांना संगणक शिकवतो, आणि स्वतः त्याला जन्मापासून दिसत नाही. बसने एकटा आला, चहा दोनदा मागून घेतला, आणि माझ्या अंगावरून बोटं फिरवत म्हणाला, "म्हातारा झालाय, पण गडी चांगला आहे."

त्याने माझ्यात वाचून दाखवणारा आवाज घातला. मित्रांनो, मला कंठ फुटला! इतकी वर्षं पोटात अक्षरं साठवली होती, ती पहिल्यांदा तोंडावाटे बाहेर पडली. लताबाई ताट टाकून धावत आल्या.

"माय वं! हाऊ डबा बोलस!" थोडा वेळ कान देऊन त्यांनी निकालही दिला, "बठ्ठं बोलस, पन दम लेस नही." बठ्ठं म्हणजे सगळं, त्यांच्या अहिराणीत.

भाविकाला तर खेळणंच सापडलं. ती घरभर माझ्या आवाजात बोलत फिरायची, "बटण. बटण. रिकामी ओळ."

निघताना हितेंद्र हेमांगीला म्हणाला, "ताई, पडदा लोकांसाठी आहे. आपल्यासाठी आवाज. साधा मजकूर आला की हा घडाघडा वाचेल. छापील पानाचा फोटो एखाद्या वेळी कसाबसा वाचेल. पण हाताने लिहिलेल्या पानाचा फोटो आला, त्यात स्केचपेन, त्यात नक्षी, की हा मुका. तेव्हा मुलांकडून स्वाध्याय साध्या मजकुरात मागा. आणि का मागता, तेही सांगून टाका."

"पहिलं करते," हेमांगी म्हणाली.

"दुसरं?"

ती कपबशा उचलायला लागली. हितेंद्रला दिसत नाही, पण ऐकू फार येतं. त्याने पुन्हा विचारलं नाही.

दुसरं तिने का केलं नाही, ते समजून घ्या. कॉलेजात ती कायम नोकरीवर नव्हती, तासांवर होती. दर जूनला विभागप्रमुख ज्यांची नावं वर पाठवतील, त्यांनाच पुढच्या वर्षी तास मिळणार. आवाजावर ती शिकवायची. धडे तोंडपाठ, वर्ग तोंडपाठ, जिन्याच्या पायऱ्या पायांना पाठ. रिक्षावाला दारापर्यंत सोडायचा. मुलांना वाटायचं, मॅडमची नजर जरा अधू आहे, एवढंच. लताबाईंनी एकदा म्हटलं होतं, "सांगी टाक ना त्यास्ले. चोरी करी का तू?"

"आई, सांगितलं की मी मराठीची मॅडम राहत नाही. मी 'त्या आंधळ्या मॅडम' होते. मग शिकवते कसं, हे कोण विचारणार?"

लताबाईंनी तिच्या पुढ्यात ताट सरकवलं. त्यांनाही माहीत होतं.

अडचण एकच होती, मुलांचे स्वाध्याय. आमच्याकडे स्वाध्यायाला पहिलं लागतं ते मुखपृष्ठ. चौकट, चौकटीत वेल, वेलीवर फुलं, मथळा लाल, उपमथळा हिरवा. मुलं पहिलीपासून हेच शिकत आलेली असतात. आत काय लिहिलं आहे ते नंतर. आणि आता त्या पानांचे फोटो काढून ग्रुपवर टाकायचे. आधी जितेंद्र रविवारी ते फोटो वाचून दाखवायचा. टँकर चालवून आलेला माणूस, तिसऱ्या पानावर त्याची मान कलंडायची. पुढे त्याची रविवारची सुट्टीही गेली.

तेव्हा तिने ग्रुपवर लिहिलं, "स्वाध्याय साध्या मजकुरात पाठवा. फोटो नको. चौकटी, रंग, फुलं नको. फक्त टाइप केलेलं."

उत्तरं येत गेली, ती मी तिला एकेक करून वाचून दाखवली.

"मॅडम, चौकट नाही काढली तर मार्क कापणार का?"

"मॅडम, निदान मुखपृष्ठ तरी?"

"मॅडम, मी आधीच तीन स्केचपेन आणलेत."

एकाने नुसता रडणारा चेहरा टाकला. मी तो "मोठ्याने रडणारा चेहरा" असा वाचला आणि हेमांगी खळखळून हसली. त्या दिवसांतलं तिचं ते एक हसणं मला लक्षात आहे.

पण सगळंच हसण्यासारखं नव्हतं. पिंपळनेरची ज्योती नावाची मुलगी तिच्या टेबलाशी आली. मी तिथेच पिशवीत होतो.

"मॅडम, माझं अक्षर तुम्हाला आवडत नाही का?"

"असं का म्हणतेस?"

"शाळेत मला अक्षराचं बक्षीस होतं. सगळे सर माझी वही दुसऱ्यांना दाखवायचे. तुम्ही म्हणता फोटो नको."

"तसं नाही गं. नियम केलाय तो. सगळ्यांनाच आहे."

ज्योती "बरं" म्हणाली आणि गेली. हेमांगीचा हात पिशवीवरून माझ्या पाठीवर आला आणि तिथेच घट्ट राहिला. कुणाला खरं सांगायचं नाही म्हटलं, की असं दुसऱ्या कुणाला तरी लागतं.

मग ती सकाळ आली.

स्वाध्यायाचा विषय होता 'माझ्या गावातली एक जागा'. सोनगीरच्या समाधानचा स्वाध्याय आला होता. तो वर्गातला खोडकर मुलगा, मागच्या बाकावर बसून बेडकाचा आवाज काढणारा. हेमांगीने कानाला हेडफोन लावला आणि मी वाचायला लागलो. "एस. डॉलर. उघडा कंस. क्यू. टिंब. टिंब. मोठा एफ." मी पुढे गेलो. पानभर तेच. शब्द नाही, वाक्य नाही, नुसता कचरा. तिने मला पुन्हा वाचायला लावलं. मी पुन्हा तोच कचरा वाचला. तिच्या कपाळावर आठी पडली. बाकीच्या मुलांनी फुलं-चौकटी सोडून कसंबसं टाइप केलं होतं, आणि याने बटणांवर हात आपटून पान भरून पाठवलं होतं, असंच तिला वाटलं. कदाचित याला कळलं आहे, असंही वाटलं असेल. कदाचित हा बघतो आहे की मॅडमला दिसतं की नाही.

वर्गात जाऊन तिने मला टेबलावर उघडलं. पडदा ती नेहमी लख्ख ठेवायची, म्हणजे कुणाला शंका नको.

"समाधान, ऊठ. हे काय पाठवलंस?"

"स्वाध्याय, मॅडम."

"याला स्वाध्याय म्हणतात? चेष्टा वाटते तुला माझी?"

"समाध्या, काय धाडं रे तू?" मागून कुणीतरी कुजबुजलं आणि दोघं-तिघं फिस्कन हसले.

समाधानचा आवाज बदलला. मागच्या बाकावरचा बेडकाचा आवाज नव्हता तो. "मॅडम, चेष्टा नाही केली. मला मोबाइलवर मराठी जमेना. आमच्या स्टँडवरच्या टायपिंगवाल्या आबांकडून करून आणलं. मी शेजारी बसून सांगितलं, त्यांनी टाइप केलं. तुम्हीच म्हटलं होतं ना, टाइप केलेलं पाहिजे."

"मग हे असं कसं?"

"कसं?" तो पुढे आला. त्याने मला आपल्याकडे वळवलं, पाहिलं, आणि पुन्हा तिच्याकडे फिरवलं. "नीट तर आहे, मॅडम. बघा ना."

मित्रांनो, माझ्या पडद्यावर त्या वेळी काय होतं सांगू? सुंदर, स्वच्छ, काळंभोर मराठी. सोनगीरच्या त्या आबांनी जन्मभर ज्या फॉन्टमध्ये अर्ज आणि पत्रिका टाइप केल्या, त्याच फॉन्टमध्ये इमानाने त्याचा स्वाध्याय टाइप केला होता. आणि छापखान्यातला तो जुना फॉन्ट माझ्या पोटात अजून होताच. त्यामुळे डोळ्यांना सगळं मोत्यासारखं दिसत होतं. पण मी वाचायचो ते आतलं. आत होते एस, डॉलर आणि कंस. समाधानने सांगितलं तसंच केलं होतं. आबांनी आपलं काम चोख केलं होतं. हेमांगीला ऐकू आलं ते खरंच होतं. मी एकटा असा होतो की ज्याच्या पडद्यावर मराठी होतं आणि तोंडात कचरा, आणि या दोन्हींची गाठ घालून द्यायला मला कुणी शिकवलं नव्हतं.

पुढच्या बाकावरची मुलं उठून जवळ आली. "देख रे, बठ्ठं बरोबर शे!" एक जण म्हणाला. "मॅडम, ही पहिलीच ओळ बघा," समाधानने बोट ठेवलं. त्याला फक्त एवढंच हवं होतं की मॅडमनी ती ओळ वाचावी आणि आपल्यावरचा आळ जावा. "तुम्हीच वाचा ना, मॅडम. वाचा ना."

हेमांगी खाली वाकली. पूर्वीसारखी, नाक काचेला टेकेपर्यंत. तिच्या श्वासाची वाफ माझ्यावर धरली. मी जितका उजळू शकत होतो तितका उजळलो. वर्ग हळूहळू गप्प होत गेला, आधी पुढचे बाक, मग मधले. पंख्याचा आवाज तेवढा राहिला. ती तशीच वाकलेली होती. मला कळत होतं की तिला फक्त एक पांढरा उजेड दिसतो आहे, त्यावर काहीच नाही.

ती सरळ झाली. पदराने माझी काच पुसली. मग म्हणाली, "मला दिसत नाही, समाधान."

जवळ आलेली मुलं एक पाऊल मागे सरली.

"अजिबात दिसत नाही. तुमचे स्वाध्याय हा लॅपटॉप मला वाचून दाखवतो. फोटो त्याला वाचता येत नाही. म्हणून साधा मजकूर मागत होते. तुझं त्याला का वाचता आलं नाही, ते मला माहीत नाही. पण तू चेष्टा केली नव्हतीस. माझं चुकलं."

समाधानने माझ्या पडद्यावरचं बोट काढून घेतलं, चटका बसल्यासारखं. आणि मधल्या बाकावरून ज्योतीचा आवाज आला, "म्हणजे माझं अक्षर तुम्ही पाहिलंच नाही कधी?"

"नाही गं. पाहिलंच नाही."

तास संपायच्या आत बातमी स्टाफरूमला पोचली. विभागप्रमुखांचं नाव चुडामण सर. कॉलेजात पाटील इतके आहेत की सगळे एकमेकांना नावानेच हाक मारतात. सर मनाने चांगले. त्यांनी हेमांगीसाठी खुर्ची ओढली, चहा सांगितला, आणि म्हणाले, "मॅडम, मी रोज लांबून तुम्हाला हात हलवून नमस्कार करायचो आणि तुम्ही सरळ निघून जायच्या. मी घरी जाऊन सांगितलं, हेमांगी मॅडम फार ताठ आहेत. बायको म्हणाली, तुम्हालाच कुणी भाव देत नसेल."

हेमांगीला हसू आलं. सरही हसले. मग कप बशीत ठेवल्याचा आवाज झाला.

"आधी सांगायचं ना. मी काय परका होतो?"

"सांगितलं असतं तर तास मिळाले असते का, सर?"

सरांनी बोलणं फाइलींकडे वळवलं. ते म्हणाले, "तपासणीची समिती येते, तेव्हा स्वाध्यायांच्या फाइली टेबलावर मांडाव्या लागतात. त्यांना पानं उलटायला लागतात. रंगीत असली की खूश होतात. तुमच्याकडचं सगळं या डब्यात, तेही विनारंगाचं. आणि आता हे. जूनमध्ये तुमचं नाव मी वर कसं लिहून पाठवू, मलाच कळत नाही."

"मी शिकवते कसं, ते लिहा ना सर."

"शिकवता छानच. पण मॅडम, शिकवणं कुठे कोण तपासतं?"

ते कुचकेपणाने बोलले नव्हते, म्हणूनच ते जास्त लागलं. "बघू," असं म्हणून ते उठले. तो 'बघू' अजून तसाच लोंबकळतो आहे.

घरी लताबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "बरं व्हयनं सांगी टाकं," एवढंच म्हणाल्या आणि भाकरी थापायला बसल्या. त्या दिवशी त्यांच्या भाकरी करपल्या.

मग साधा मजकूर न कुरकुरता यायला लागला. कुणी मोबाइलला तोंडाने सांगून लिहिलं होतं, त्यात मध्येच "आई थांब ना" असंही उमटलं होतं. कुणी पूर्णविराम दिलाच नव्हता, तेव्हा लताबाईंचं म्हणणं खरं करत मी दम न घेता वाचत सुटलो. एका मुलाने सगळं बरोबर लिहून शेवटी फुलाचं चित्र चिकटवलंच, हाताला राहवत नाही म्हणून. समाधानने आबांकडून करून आणलेलं सारं मोबाइलवर, एकेक अक्षर शोधत पुन्हा लिहिलं. मी ते वाचलं: "आमचं घर किल्ल्याच्या खाली आहे. वरून हायवे दिसतो. माझा आजा म्हणायचा की गड्या, रस्ता जातो असं लोक म्हणतात, पण मी इतकी वर्षं बघतोय, रस्ता इथेच आहे, लोकच जातात." हेमांगीने मला थांबवलं. मागे नेलं. ती ओळ तिने माझ्याकडून पुन्हा वाचून घेतली, आणि मग पुन्हा.

ज्योतीचं सर्वांत शेवटी आलं. वर दोन ओळी होत्या. "मॅडम, टाइप केल्यावर माझं अक्षर सगळ्यांसारखंच दिसतं. पण तुम्हाला ऐकू येईल म्हणून पाठवते." माझा आवाज सगळ्यांसाठी एकच आहे, मित्रांनो. समाधानचंही मी त्याच सुरात वाचतो आणि ज्योतीचंही. तिच्या वेलांट्यांचा डौल माझ्या तोंडात कुठून येणार? हेमांगीने उत्तर लिहायला घेतलं, पुसलं, परत लिहिलं. शेवटी तिने फक्त "पोचलं" एवढंच पाठवलं.

आता माझं काय? माझी बॅटरी फुगली आहे. पिन जरा हलली तरी मी वाक्याच्या मध्येच मरतो. जितेंद्र म्हणतो, नवीन घेऊ. हेमांगी म्हणते, जून तर येऊ दे, तास मिळतात की नाही ते कळू दे. मीही जूनचीच वाट बघतो आहे, आणि त्या दिवशी काय ऐकावं लागेल याची मला धास्ती आहे. कारण ते पत्र आलं, तर तिला वाचून मीच दाखवणार.

तुम्हाला माझं एवढंच सांगणं आहे. कुणाला काही पाठवाल, तेव्हा फुलं-चौकटी काढण्याआधी एकदा विचारा की समोरचं माणूस हे कसं वाचणार आहे. आणि कुणी तुमच्याकडे साधंच काही मागितलं, तर ते हट्टाने मागतंय असं लगेच धरू नका. त्यामागे एखादं माणूस भिंतीला हात लावत उभं असेल. आणि मित्रांनो, जुन्या वस्तूंना जरा सांभाळा. आमच्या चिरक्या आवाजावर कुणाकुणाचं पोट असतं.

दाराची कडी वाजली. भाविका आली. दप्तर फेकलं, चप्पल एक इकडे, एक तिकडे. ती आजकाल हेमांगीच्या अंगावर न पडता आधी सांगते, "मम्मी, मी तुझ्या डाव्या बाजूला आहे."

"ये. आज काय केलं शाळेत?"

"चित्र काढलं. आपलं घर. बाईंनी दोन चांदण्या दिल्या." तिने कागद हेमांगीच्या हातात दिला. हेमांगीची बोटं कागदावरून फिरली. मेणाचे रंग होते, जाड घासलेले, बोटांना गुळगुळीत लागणारे. भाविकाने कागद परत ओढून घेतला, माझ्या पडद्यासमोर धरला आणि म्हणाली, "वाच."

मी काय वाचणार?

"तूच सांग ना मला," हेमांगी म्हणाली. "मी ऐकते."

"हे घर. ही आजी, भाकरी करतेय. हा पप्पांचा टँकर, तो घराहून मोठा झालाय. ही मी. ही तू, माझ्या मागे."

"वा! कळलं मला."

"नाही." भाविकाने मान हलवली. मग आठवण झाल्यासारखं तोंडाने सांगितलं, "मी मान हलवली, नाही अशी. हे तर मी बोलले, मम्मी. चित्र कुठे पोचलं अजून?"

हेमांगीचे हात माझ्या बटणांवर तसेच राहिले. भाविका कागद छातीशी धरून जवळ सरकली.

"ते साध्या मजकुरात कसं पाठवायचं?"